एकट्या मातेची चूल : धान्याचा हिशेब आणि गावाचे कर्तव्य

कर्ता पुरुष गेला की कर्जाचा, शेताचा, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे येतो. परंतु त्याआधी संध्याकाळच्या भाकरीचा प्रश्न उभा राहतो. बुलढाणा हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा जिल्हा. कापूस-सोयाबीनचा हंगाम सरला की मजुरीही आटते. अशा वेळी एकट्या मातेने कुटुंबाचे भोजन कसे सांभाळावे, हा विचार केवळ तिच्या चुलीपुरता मर्यादित राहू शकत नाही.

धान्याचा हिशेब

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य देय आहे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. माता व दोन मुले असे कुटुंब घेऊ. प्राधान्य यादीत त्यांच्या वाट्यास दिवसाला अर्धा किलो धान्य येते. अंत्योदय यादीत एक किलोहून अधिक. अर्ध्या किलोत भागत नाही. उरलेले धान्य विकत घेतले की डाळ, तेल व भाजीस पैसा राहत नाही. कुटुंब जितके लहान, तितका हा फरक मोठा.

उपजीविकेचे निश्चित साधन नसलेली विधवा ज्या घराची प्रमुख आहे, ते घर अंत्योदयाच्या निकषात बसते. मात्र इष्टांक ठरलेला असतो. म्हणून यादीत जागा रिकामी होताच अशा घराचे नाव ग्रामसभेने पुढे करावे. शिधापत्रिकेपुरती घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री हीच कुटुंबप्रमुख, असे अधिनियम सांगतो. तेव्हा दिवंगत पतीच्या नावावरील पत्रिका बदलून देण्यास विलंब होता कामा नये.

ताटातील मेळ

ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव असते, ती तूर, मूग व हरभरा भरून काढतात. तीन-चार भाग धान्यास एक भाग डाळ हा मेळ वरण-भाकरीने किंवा पिठल्याने सहज साधतो. अंबाडी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील तरोटा या भाज्या अल्प खर्चात मिळतात. त्यांवर लिंबू पिळल्यास त्यांतील लोह अधिक अंगी लागते. जेवणालगतचा चहा त्यास बाधक ठरतो. सोयाबीन मात्र कच्चे दळू नये. सुमारे अर्धा तास उकळून, वाळवून, नऊ भाग धान्यात एक भाग मिसळून दळावे. आणि उरेल ते खाणाऱ्या मातेने आपला वाटा आधी काढून ठेवावा. तिची मजुरी बुडाली तर चूलच थंडावते.

सुटीचे दिवस

शालेय पोषण आहारातून प्राथमिक वर्गांतील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम, तर उच्च प्राथमिक वर्गांतील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. एकट्या मातेस हा मोठाच आधार होय. परंतु दिवाळीच्या सुटीत शाळेची चूल बंद असते आणि नेमकी तेव्हाच कापूस वेचणीसाठी माता दिवसभर शेतात असते. अशी मुले कोणती, हे शिक्षकांना ठाऊक असते. सुटी लागण्यापूर्वी त्यांनी ही नावे पंचायतीस द्यावीत आणि त्या घरांचे त्या महिन्याचे धान्य वेळेवर पोहोचले की नाही, हे पंचायतीने पाहावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज राहिला असल्यास तोही याच वेळी भरून घ्यावा.

काटकसर ती माउली जाणतेच. तिच्या हक्काचे धान्य तिच्या घरी पोहोचविणे हे आपले काम आहे.