पाखरू हाकलू नका, फळ झाका

घोटीच्या आसपास परसबाग संपते तिथे बहुधा भाताचे खाचर सुरू होते. लोंब्या चिकात आल्या की मुनियांचे थवे उतरतात, आणि बांधावरच्या झाडांतून बुलबुल, साळुंक्या, पोपट परसात येऊन पेरू, पपई, टोमॅटोला चोच लावतात. पोपट तर अर्धा पेरू खातो नि उरलेला खाली टाकतो. नुकसान खरेच होते, त्यामुळे राग येणेही साहजिक आहे. पण रागाच्या भरात आपण उपाय पाखरावर करू लागतो. तो फळावर करायला हवा, असे माझे सांगणे आहे. पाखराला लोभ असतो तो पिकू लागलेल्या फळाचा, आणि ही नाजूक वेळ मोजक्या दिवसांची असते. तेवढ्यापुरते फळ झाकले की पुरते.

हाकलण्याचे उपाय का फसतात ते पाहा. गोफण घेऊन माळ्यावर बसलेला राखणदार पाखरे उडवू शकतो, कारण तो हालतो, ओरडतो, दगड भिरकावतो. बुजगावणे यातले काहीच करत नाही. पाखरे चार दिवस दबकतात; मग इथे धोका नाही हे ओळखून त्याच्याच खांद्यावर बसतात. जुन्या सीडी आणि चकाकत्या फितींचीही हीच गत. त्या लावायच्याच असतील तर फळ पाडाला आल्यावर लावाव्या आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी. मिरचीचे पाणी फवारणे तर वायाच जाते, कारण मिरचीतला जाळ आपल्याला लागतो, पक्ष्यांना जाणवत नाही. बुलबुल पिकली लाल मिरची खुशाल खातो.

सर्वांत मोठी सावधगिरी जाळ्याबाबत हवी. दारणा, मुकणे, भावली अशा धरणांच्या या मुलखात मासेमारीचे जुने जाळे मिळवणे अवघड नाही, आणि ते झाडावर तसेच टाकून देण्याचा मोह होतो. बारीक नायलॉनचा धागा पाखराला दिसत नाही. सैल जाळ्यात पाय आणि पंख गुंततात, आणि धडपडीने फास आवळतो. जमिनीवर लोळणाऱ्या टोकात उंदीर खाणारी धामणही अडकते. मग जाळे लावूच नये का? लावावे, पण रीतीने. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1 सप्टेंबर 2021 पासून घरगुती फळझाडांच्या जाळीचे छिद्र ताणलेल्या अवस्थेत 5 मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, असा नियमच केला. आपल्याकडे खूण साधी ठेवावी: करंगळी आत शिरली तर जाळी नको. जाळी पांढरी असावी, बांबूच्या चौकटीवर ताणून बसवावी आणि रोज पाहावी. काकडी, भोपळ्यावर फळ धरल्यावरच घालावी, नाहीतर मधमाश्यांची वाट अडते. मेथी-कोथिंबिरीच्या कोवळ्या वाफ्यांवर कामट्यांच्या कमानी करून जुनी मच्छरदाणी पसरली तरी भागते.

एवढी मेहनत कोण करणार, असे कुणी म्हणेल. मोठ्या बागेसाठी ही अडचण खरी आहे, पण परसातल्या दोन पेरूंना कापडी पिशव्या बांधणे हे तासाभराचे काम आहे. फळ लहान असतानाच पिशवी बांधली तर फळमाशीही टळते. टोमॅटोला तांबूस झाक आली की तोडून घरात पिकवावा. पेरू, पपई, चिकूही पूर्ण वाढ झाल्यावर तोडले तर घरात पिकतात. दुसरा आक्षेप असा, की पाखरांचे एवढे लाड कशाला? हरभऱ्यात घाटेअळी टिपायला पक्षी यावेत म्हणून शेतकरी मुद्दाम पक्षीथांबे उभारतो. साळुंकी पिलांना किडे-अळ्या भरवते. शिवाय पोपट, मुनिया, मोर यांना पकडणे किंवा मारणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे.

तेव्हा फळ पाडाला येण्याआधी पिशव्या शिवून ठेवा, शेंड्यावरची हाताला न येणारी फळे पाखरांसाठी सोडा आणि झाडावर सैल जाळे लटकत असेल तर ते आजच उतरवा. पाखरू अडकलेले दिसले तर धागा ओढू नका, कात्रीने कापा. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.