पाण्यात राहूनही बोटीचं इंजिन तापतं कसं?

प्रश्न : आमच्या मळ्यात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पडून आहे. नर्मदेकाठी गेलो होतो तेव्हा तिथल्या बोटीही डिझेलवर चालताना पाहिल्या. आमचं इंजिन बोटीला बसेल का? चहूकडे पाणी असताना बोटीचं इंजिन तापतं म्हणतात, ते कसं? आणि ते बदलायचं कधी?
— एक वाचक, यावल

उत्तर : तुम्ही पाहिलेल्या बोटी ही तिथली निकड आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा-धडगावकडच्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखानाही त्याच पाण्यावर फिरतो. तेव्हा तुमचे तिन्ही प्रश्न एकेक करून सोडवू.

आधी तापण्याचं. बोट पाण्यात असली तरी इंजिन तिच्या पोटात, कोरड्यात बसलेलं असतं. डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी थंड करणाऱ्या पाण्याला काढून न्यावी लागते. विहिरीवर हे काम कसं होई ते आठवा : पंपाच्या पाण्यातली एक बारीक धार नळीने इंजिनात जाई आणि कोमट होऊन पाटात पडे. बोटीतही छोटा पंप बाहेरचं पाणी ओढून फिरवतो. त्या पंपातली रबरी चक्री झिजली किंवा जाळीत शेवाळ, प्लास्टिक अडकलं, की भोवती अथांग पाणी असूनही इंजिन तापतं. म्हणून जाणता तांडेल इंजिन सुरू होताच आधी बाजूला वाकून बाहेर पडणारी धार बघतो.

समुद्रात आणखी एक अडचण येते. खारं पाणी तापलं की आत क्षार धरतात आणि धातू खातात. म्हणून मोठ्या इंजिनात गोडं पाणी आतल्या आत फिरतं आणि खारं पाणी बाहेरून फक्त त्याची उष्णता काढून घेतं. शिवाय जस्ताचे तुकडे मुद्दाम बसवतात. खारं पाणी आधी त्यांना खातं आणि बाकीचा धातू वाचतो. असा तुकडा निम्मा झिजला की बदलायचा.

आता तुमचं इंजिन. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढे वीज पोचेपर्यंत अशा इंजिनांनीच खानदेशातल्या कितीतरी विहिरी उपसल्या. सिलिंडरच्या आतलं काम दोन्हीकडे एकच : हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल ठिणगीशिवाय पेटेल. फरक बाहेर आहे. पंपाला एकाच दिशेने फिरणं पुरतं. बोटीला मागे यावं लागतं, म्हणून गिअर लागतो. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट तेवढ्याच जोराने पुढे रेटला जातो, तो रेटा झेलणारं बेअरिंग लागतं. बोट डुलली तरी तेल खालच्या पंपापर्यंत पोचलं पाहिजे. हे काहीच तुमच्या इंजिनात नाही. त्यातून माणसं नेणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे तपासणी आणि नोंदणी लागते. तेव्हा ते मळ्यातच दुरुस्त करून वापरलेलं बरं.

‘चालतंय तोवर उघडायचं कशाला?’ हा समज शेतात एक वेळ चालून जातो. इंजिन बंद पडलं तर पाणी उद्या देता येतं. धारेत बंद पडलं तर बोट वाहत जाते आणि त्यात माणसं असतात. म्हणून तपासणी रोजची हवी. तेलाची काडी ओढून बघा : तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, गॅसकेट किंवा हेड बघायला हवं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचतं. ते काढून टाका आणि टाकी भरलेली ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. कोकणात १ जूनपासून मासेमारीबंदी लागते तेव्हा होड्या ओढून घेतात आणि इंजिन खोलायचं मोठं काम त्याच दिवसांत उरकतात.

धूरही बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे इंजिनाचा जोर, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर हवा कमी किंवा बोजा जास्त असल्याने डिझेल अर्धवट जळतं, तेव्हा तो येतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा-लायनर झिजलेत. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही, तर न जळलेलं डिझेल किंवा आत आलेलं पाणी, दोन्ही तपासा.

बदलायचं कधी, हे इंजिनाच्या वयावर ठरत नाही. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन गंजतं, तर नियमित चाललेलं टिकतं. हिशोब तासांचा ठेवावा. दाब सगळ्याच सिलिंडरांत उतरला, तेल सारखं घालावं लागतं, ब्लॉकला चीर गेली किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर दुरुस्तीवर खर्च करू नये. एकाच सिलिंडरची तक्रार असेल, तर रिंग-पिस्टन बदलून काम भागतं.

नवं इंजिन घेताना जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त वेग, असं धरू नका. वजन, गिअरचं प्रमाण आणि पंखा यांचा मेळ लागतो. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे बोट पाण्यात सोडल्यावर पुन्हा तपासतात, कारण काठावर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांच्या आकारात बारीक फरक पडतो. जोडावरच्या दोन तबकड्यांमध्ये चारी बाजूंनी पातळ पट्टी सरकवून फट मोजतात. मग पूर्ण भार घालून बोट चालवून बघायची. ठरलेले फेरे गाठताना इंजिन दमत असेल, तर पंखा मोठा आहे. आधी तो बदलून घ्यावा आणि मगच प्रवासी बसवावेत.