श्रावणातला सराव आणि ताटातली प्रथिनं

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की जोगेश्वरी, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मैदानांवर दहीहंडीसाठी गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. थर जसजसे वाढत जातात, तसतसा श्रावण लागतो आणि घरोघरी मासळी, मटण, अंडी बंद होतात. शरीराकडून वर्षातलं सगळ्यात जास्त काम करून घ्यायच्या दिवसांत ताटातली प्रथिनं सगळ्यात कमी होतात. या दिवसांत दवाखान्यात पोरं येतात ती खांदे दुखतात, पिंढऱ्या धरतात, थकवा जात नाही म्हणून. सोबत प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, प्रोटीन पावडर घेऊ का?’

आधी जेवण बघू. साधं बैठं काम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये सांगितलं. नियमित कसून सराव करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम धरा. म्हणजे खालच्या थरात उभं राहणाऱ्या ७० किलोच्या गड्याला ८४ ते ११२ ग्रॅम. आता त्याचा श्रावणातला दिवस मोजा. सकाळी चहा-बिस्किटं आणि धावत पकडलेली लोकल. दुपारी डब्यात तीन पोळ्या, भेंडी किंवा दुधीची भाजी. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव. रात्री सराव संपवून उशिरा घरी, मग पातळ वरण आणि भात. बेरीज जेमतेम ४०-४५ ग्रॅम भरते. स्नायूंची रोज होणारी झीज भरून काढायला एवढं पुरत नाही.

ही तूट श्रावण न मोडता भरता येते. सकाळी एक मोठा ग्लास दूध (८ ग्रॅम) आणि मूठभर शेंगदाणे (७ ग्रॅम). डब्यात भाजीऐवजी मटकीची उसळ किंवा वालाचं बिरडं : ५० ग्रॅम कोरडं कडधान्य एकट्यासाठी भिजवलं तर ११-१२ ग्रॅम मिळतात. वडापावच्या जागी ५० ग्रॅम फुटाणे, १० ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम सोया वड्या, साधारण १८ ते २० ग्रॅम. भाजी आणि वडापाव वजा केले तरी झाले नव्वदच्या आसपास. सगळं एकाच जेवणात कोंबू नका; तीन-चार वेळांत विभागलेलं स्नायूंना जास्त उपयोगी पडतं. पोळी-भातही कमी करू नका. ऊर्जा कमी पडली की शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

उपासाचं मात्र जपून. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीत असतात ती दाण्याच्या कुटातली. सोमवार करायचाच असेल तर कूट सढळ हाताने घाला, सोबत दही घ्या, राजगिऱ्याची भाकरी करा.

पावडर हे विष नाही आणि औषधही नाही. जेवणातून खरंच भागत नसेल, तर प्रौढाने दिवसाला एक मात्रा घ्यायला हरकत नाही. त्यातून २०-२५ ग्रॅम मिळतात. डबा सीलबंद आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेला हवा. जिममध्ये सुट्या पिशवीतून मिळणारी पावडर मुळीच घेऊ नका. तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असलं तरी तुम्हाला कळणार नाही. किडनी खराब होते का, असं आया काळजीने विचारतात. निरोगी किडनीला वर सांगितलेल्या प्रमाणाचा धोका नाही. पण तिशी ओलांडलेल्या अनेक गोविंदांना आपला रक्तदाब वाढलाय हेच ठाऊक नसतं. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, घरात कुणाला असेल, तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वरच्या थरातल्या मुलांची. १४ वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवायला उच्च न्यायालयाने मनाई केली आहे. पण पंधरा-सोळाव्या वर्षीसुद्धा मूल वाढतच असतं. ‘वजन वाढू देऊ नकोस’ म्हणून त्याचं रात्रीचं जेवण बंद करणारे प्रशिक्षक आणि पालक त्याच्या हाडांची वाढ खुंटवताहेत. मुलींच्या पथकांत असं करून पाळी थांबली, तर ‘सरावाने होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अठराच्या आतल्यांना पावडर नको. दूध, उसळ आणि पोटभर जेवण द्या. सगळ्यात वर चढणारा हलका एक्का हवा असेल तर जात्या लहान चणीचं मूल निवडा, उपाशी ठेवून बनवू नका.

पथकप्रमुखांना एक विनंती. सरावानंतर मंडळातर्फे खाणं असतंच. तिथे वडापावऐवजी उकडलेल्या चण्यांची उसळ आणि केळी ठेवा, खर्च फारसा वाढत नाही. आणि हंडीच्या दिवशी ज्यांचा अष्टमीचा उपास सुटलेला नसेल, त्यांनी निघण्यापूर्वी दूध, शेंगदाण्याचा लाडू, केळं घ्यावं, पथकाच्या ट्रकमध्ये लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवावं. निर्जळी उपास करणाऱ्याला त्या दिवशी कुठल्याच थरात उभं करू नये.