थंडीत हायड्रोजन गोठतो का?

प्रश्न : लेहमध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्या आल्याचं वाचलं. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. मग टाकीतला वायू गोठत नाही का? सकाळी गाडी सुरू कशी होते?

उत्तर : टाकीतल्या वायूची काळजी नको. हायड्रोजनचा द्रव व्हायलाच उणे २५३ अंशांच्या आसपासची थंडी लागते. अडचण आहे ती पाण्याची. गाडीला वीज पुरवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते आणि सोबत पाणी तयार होतं. तेही थोडंथोडकं नाही, एक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ किलो!

सेलमधला पातळ पडदा ओलसर असेल तरच काम करतो, त्यामुळे पाणी पूर्ण काढून टाकताही येत नाही. पण जास्तीचं पाणी आत राहून गोठलं, तर बर्फ सूक्ष्म छिद्रं बुजवतो आणि ऑक्सिजनची वाट अडते. शिवाय गोठताना पाणी फुगतं. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली तडकते, तसाच धोका सेलच्या नाजूक थरांना असतो.

म्हणून खरी काळजी गाडी बंद करताना घेतात. सेलला हवा पुरवणारा कंप्रेसर आतून हवा फिरवून जास्तीचं पाणी बाहेर काढतो. टोयोटाच्या मिराई या हायड्रोजनच्या गाडीत तर चालकाने दाबून पाणी सोडण्यासाठी वेगळं बटण आहे. सकाळी सुरू करताना उलटी युक्ती : मुद्दाम हवा कमी पुरवायची. मग वीज कमी आणि उष्णता जास्त निर्माण होते, आणि तयार होणारं पाणी जागीच गोठण्याआधी सेल शून्याच्या वर जातो. मिराई उणे ३० अंशांतही सुरू होते. तिच्या थंडीतल्या चाचण्या कॅनडातल्या यलोनाइफला झाल्या. एकदा सेल तापला की त्याचीच वाया जाणारी उष्णता गाडीच्या आत ऊब द्यायला वापरता येते. बॅटरीच्या गाडीला ही सोय नाही, तिथे हीटर बॅटरीतूनच वीज खातो. मात्र दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या हायड्रोजनच्या गाडीलाही जाचतात, कारण सेल नीट तापण्याआधीच ती थांबते.

लेहचं म्हणाल, तर माझ्या मते तिथे थंडीइतकीच कठीण परीक्षा विरळ हवेची आहे. एनटीपीसी या वीज कंपनीचा हा बसगाड्यांचा प्रकल्प ३६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो. पुरेसा ऑक्सिजन आत ढकलायला कंप्रेसरला जास्त राबावं लागतं, आणि त्याला लागणारी वीज त्याच सेलमधून जाते.