मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे
(अभ्यासपाठ : सेवकांसाठी व मंडळ्यांसाठी)



कापसाची वेचणी आणि डोळ्यांची शिबिरे आपल्याकडे एकाच ऋतूत येतात. दिग्रस परिसरातील गावे, तांडे आणि आदिवासी वस्त्यांतून वृद्ध माणसांना आपण शिबिराला नेतो, परत घरी आणून सोडतो आणि सेवा पूर्ण झाली असे मानतो. पण शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत होते. डोळा पूर्ण भरून यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या दिवसांत रुग्णाजवळ डॉक्टर नसतात. सून असते, नातू असतो, आशाताई असते आणि आपण असतो.

१. डोळ्यात काय झाले आहे?

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. शस्त्रक्रियेत ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. छेद लहान असतो, बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत, तेव्हा कृत्रिम भिंग नव्हते; रुग्णाला पुढे आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लागे. पहिले कृत्रिम भिंग डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवले. आज रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. त्यामुळे काळजीचा भार रुग्णालयातून घरावर आला आहे.

२. कोणता त्रास सोसायचा?

पहिले काही दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखे टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही, थोडी लाली असते, नजर धूसर असते. काहींना रंग निळसर किंवा फार झगझगीत दिसतात. हा त्रास रोज थोडा थोडा कमी व्हायला हवा. ‘रोज कमी’ हीच खूण लक्षात ठेवा. घरच्यांना एकच प्रश्न विचारा : कालच्यापेक्षा आज बरे आहे का?

३. कशासाठी त्याच दिवशी धावायचे?

दुखणे वाढत जाणे, लाली वाढणे, दिसू लागलेले पुन्हा कमी होणे, पू किंवा घट्ट चिपडे येणे, उलटीसह डोके दुखणे, वीज चमकल्यासारखे दिसणे किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखे वाटणे. यांपैकी काहीही झाले, तर ‘उद्या बाजाराच्या गाडीने जाऊ’ म्हणू नका. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो आणि काही तासांच्या उशिरानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे फोन करा. ते शक्य नसेल तर रुग्णाला यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात न्या.

४. थेंब कसे घालायचे?

आधी साबणाने हात धुवा. बाटली हलवा. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाका. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून ठेवा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बरे वाटले म्हणून थेंब थांबवू नका. डॉक्टर सांगतील तसेच ते कमी करायचे असतात.

चिठ्ठीवरचे मराठी सगळ्यांना वाचता येत नाही आणि कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आजीला घड्याळाच्या वेळा सांगून उपयोग नाही. बाटल्यांना वेगळ्या रंगांचे दोरे बांधा. न्याहारी, दुपारचे जेवण, दिवेलागण आणि निजण्याची वेळ अशा खुणा द्या. घरातील एकाच व्यक्तीवर ही जबाबदारी सोपवा.

५. घरातले पथ्य

डोळा चोळायचा नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. अंघोळ मानेखाली, चेहरा ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा. रात्री डोळ्यावर प्लास्टिकचे कवच, दिवसा काळा चष्मा. चुलीचा धूर आणि शेतातली धूळ टाळायची. पाण्याची घागर, सरपणाची मोळी, कापसाचे गाठोडे उचलायचे नाही. खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना सांगायचे. मध, गुलाबपाणी, झाडपाल्याचा रस, अंगावरचे दूध डोळ्यात घालायचे नाही. नेहमीचे जेवण चालते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. जवळचे पाहण्यासाठी चष्मा बहुधा महिना-दीड महिन्याने मिळतो, त्यासाठी तपासणी चुकवायची नाही.

खरी अडचण पथ्याच्या माहितीची नसते. वेचणीचा रोज बुडतो, ही अडचण असते. ज्या घरात आजीच्या मजुरीवर मीठ-मिरची येते, तिथे ‘आराम करा’ हे शब्द पोकळ ठरतात. म्हणून मंडळीने त्या घरी दोन आठवड्यांचे धान्य-किराणा पोहोचवावा, पाणी-सरपणाला कोणी तरी जावे, तपासणीच्या दिवशी एसटीचे भाडे द्यावे. शिबिराचा खर्च ठरवतानाच ही रक्कम बाजूला ठेवावी.

६. शास्त्राभ्यास : मार्क ८:२२–२६

बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे दिसली, पण चालणाऱ्या झाडांसारखी. येशूने त्याला अर्धवट दृष्टीवर सोडले नाही. काय दिसते ते विचारले, उत्तर ऐकले आणि पुन्हा हात ठेवला. अस्पष्ट दिसते असे प्रामाणिकपणे सांगण्यात त्या माणसाचा अविश्वास नव्हता. आपणही रुग्णाला ‘विश्वास ठेव, होईल बरे’ एवढेच म्हणून गप्प करू नये. विचारावे, ऐकावे आणि पुन्हा जावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीने मागच्या शिबिराला नेलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या घरी आपण नंतर गेलो?
२. तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी भेट देण्याची जबाबदारी कोण घेईल?
३. रात्री डोळा दुखू लागला तर आपल्या वस्तीतून गाडी कोणाची मिळेल? ते नाव आणि फोन क्रमांक आजच रुग्णाच्या घरच्यांना लिहून द्या.