पहिली लोहडी, पहिले बोरन्हाण

पंजाबी घरात बाळाच्या पहिल्या लोहडीला फार मान असतो. १३ जानेवारीच्या संध्याकाळी शेकोटी पेटवून तीत तीळ, रेवड्या, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या टाकतात आणि अकबराच्या काळातल्या दुल्ला भट्टीची गाणी म्हणतात. बहुधा दुसऱ्याच दिवशी आपली संक्रांत! तेव्हापासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण: काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे.

दिल्ली कँटोन्मेंटमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे दोन्ही झाले. लोहडीचा आग्रह शेजारच्या पंजाबी आंटींचा. आईने मात्र बाळाला धूर येणार नाही अशा बाजूला, लांबच धरले. शेंगदाणा, रेवडी किंवा बोराची बी इवल्या घशात अडकू शकते, म्हणून तिच्या हाती काहीच दिले नाही. बोरे लुटायला आम्ही होतोच.