ओवीचे सामर्थ्य

काव्य ही सर्व मानवांची भाषा होय, असे विद्वान सांगतात. या वचनाची प्रचीती घेण्यास दूर जावयास नको. आपल्या गोमंतकाच्या इतिहासातच ती सापडते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक. १५७९ साली ते गोव्यास आले व साष्टी प्रांतात राहिले. त्यापूर्वीच, १५६७ च्या सुमारास, साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर भक्तांनी नदीपार आपल्या डिचोली महालात नार्वे येथे आणला; १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचे देवालय उभारविले. असे ते दिवस होते.

देवळे गेली, परंतु ओवीची गोडी गेली नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची पोकळी जाणवू लागली. ती भरण्यासाठी स्टीफन्स मराठी शिकले व त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात मराठीची थोरवी गाताना त्यांनी तिला फुलांतील मोगरीची व परिमळांतील कस्तुरीची उपमा दिली आहे.

येथे सूज्ञ वाचक विचारतील, ज्या हेतूने हे काव्य झाले तो आपणांस कसा रुचावा? प्रश्न रास्त आहे. तो हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे आम्ही झाकीत नाही. परंतु सत्तेला जिंकता आले नाही असे काहीतरी ओवीत होते, हेही तितकेच खरे. उपदेश करण्यास आलेल्याला आधी आपल्या भाषेचा शिष्य व्हावे लागले. १६८४ साली देशी भाषांवर बंदीचे फर्मान निघाले, तरी हे पुराण टिकले. १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

ओवीचे हे बळ कशात आहे? पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. अक्षरांचे बंधन सैल. म्हणून ती ज्ञानदेवांना तत्त्वज्ञानासाठी चालली, जात्यावरच्या माउलीला सुखदुःख सांगण्यास चालली आणि परदेशी पाद्र्यालाही चालली.

उलट दिशेनेही हा सेतू वापरला गेला. संत सोहिरोबानाथ आंबिये उत्तरेत गेले व तेथील लोकांसाठी हिंदीतही पदे रचू लागले. पेडणे महालातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे.

तेव्हा परक्याने चार शतकांपूर्वी कष्टाने मिळविलेले धन आपल्या मुलांना घरबसल्या लाभले आहे. ते हरवू नये, हे आपल्या हाती आहे. रोज दिवेलागणीला घरातील वडीलधाऱ्यांनी एक ओवी म्हणावी, मुलांनी तिचा अर्थ सांगावा. ज्याला आपली ओवी कळली, त्याला दुसऱ्याचे गाणेही परके वाटणार नाही.